नऊ ते चौदा महिने

काचेपलीकडे चेलना डोळे मिटून पडली होती आणि तिच्या कानात एकेक माणूस येऊन बोलून जात होता.

काचेच्या अलीकडे पद्मजा मगदूम हातात हात घट्ट धरून बसली होती. लेकीच्या डोक्यावर यंत्राचा पांढरा घुमट होता, छातीपर्यंत चादर होती आणि चादरीखाली जेमतेम एक घडी पडल्यासारखं तिचं शरीर. वय साडेसोळा, उंची पाच फूट चार इंच. सकाळी वजन सदतीस किलो भरलं होतं. महिन्यापूर्वी एकेचाळीस होतं.

"हा तिच्या बाबांचा आवाज," डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या.

पडद्यावर मेंदूचा राखाडी आराखडा होता. त्याच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, हिरवट उजेड उमटला आणि विझला. मग आजीचा आवाज, गणिताच्या सरांचा, मैत्रिणीचा, कुणा अनोळखी माणसाचा. हिरवा, फिका हिरवा, पुन्हा हिरवा.

"आता तुमचा."

पद्मजाचा आवाज आठ जिल्ह्यांतल्या लोकांच्या ओळखीचा होता. एसटी स्थानकांवर गाड्यांची घोषणा करणारी बाई ती. जयसिंगपूरच्या घरातल्या एका छोट्या खोलीत बसून ती वाक्यं ध्वनिमुद्रित करून पाठवायची. डॉक्टरांनी आधी तोच नमुना लावला. प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. पडदा हिरवा राहिला. पद्मजानं श्वास सोडला.

मग दुसरा नमुना लागला, परवा घरीच फोनवर घेतलेला, साधाच. "चेलू, ये गं. ताट वाढलंय."

दाण्याएवढी जागा लाल झाली. ठिपका फुटावा तसा तो रंग आराखड्यात खाली उतरला, दोन्ही बाजूंना पसरला, आणि बाजूच्या यंत्रावर चेलनाच्या नाडीचा आकडा बेचाळीसवरून एकशे अठरावर गेला. काचेपलीकडे तिनं डोळे उघडले नव्हते. ओठ मात्र आत ओढून घट्ट मिटले होते, लहान मूल मिटतं तसे.

डॉक्टरांनी आवाज बंद केला.

*

मिरजेच्या या केंद्रात मेंदूतल्या पहिल्यावहिल्या खुणांचा मूळनकाशा काढायला लोक चार-चार महिने थांबायचे. यंत्र नवं होतं, पण त्यामागची गोष्ट डॉक्टरांनी कागदावर तीन रेघा काढून पाच मिनिटांत सांगितली.

"आपल्याला तीन वर्षांच्या आधीचं आठवत नाही, बरोबर? प्रसंग आठवत नाहीत. पण प्रसंगाची चव राहते. मेंदूच्या मध्यावर पेशींचा एक बारीक पट्टा आहे. तो नाक्यावर उभ्या असलेल्या पोलिसासारखा आहे. एका रस्त्यानं भुकेचा निरोप येतो. दुसऱ्या रस्त्यानं भीतीचा. कुणाला पुढे सोडायचं हे तो ठरवतो. आणि हे ठरवायला तो शिकतो आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत. तेव्हा अन्न आणि भीती पुन्हा पुन्हा एकाच वेळी आली, तर दोन रस्ते एकमेकांना जोडले जातात."

"म्हणजे तिला भूकच लागत नाही?"

"लागते. भूक लागली की तिला भीती वाटते. पोट रिकामं ठेवलं की भीती शमते. त्या सुटकेची मग सवय लागते. हा जोड वर्षानुवर्षं झोपून राहतो. वयात येताना अंगात बदल होतात, त्यातच एखादा उपास, एखादं डाएट होतं, आणि तो जागा होतो."

पद्मजाला आठवलं. दोन वर्षांपूर्वी जैनांच्या दशलक्षण पर्वात चेलनानं दहा दिवस एकभुक्त केलं होतं, दिवसातून एकदाच जेवून. एवढ्याशा पोरीनं किती निष्ठेनं केलं म्हणून मंदिरात सगळ्यांनी कौतुक केलं. पर्व संपलं, सगळे जेवायला बसले. चेलना पानावरून उठली ती उठलीच.

"एक स्पष्ट सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "हा आजार आईमुळेच होतो, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. माझ्याकडच्या दहा मुलांमधल्या सात जणांत असं काही सापडत नाही. त्यांची कारणं वेगळी असतात. पण चेलनाच्या नकाशात सापडलंय. पेशींच्या थरांवरून काळही कळतो." त्यांनी कागदावर आकडे लिहिले. नऊ ते चौदा महिने. "पद्मजाताई, त्या काळात काय झालं होतं?"

पद्मजानं कागदाकडे पाहिलं.

"काही नाही," ती म्हणाली. "काहीच नाही झालं."

डॉक्टरांनी मान हलवली. "आठवलं तर फोन करा. वेळ फार नाही आपल्याकडे."

*

घरी परतताना चेलना खिडकीला डोकं टेकून बसली होती. "काय म्हणाल्या गं डॉक्टर?" तिनं विचारलं.

पद्मजानं तोंड उघडलं आणि मिटलं. आपला आवाज या पोरीच्या डोक्यात काय करतो, ते तिनं तासाभरापूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं नुसता तिच्या हातावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता.

त्या दिवसापासून पद्मजा घरात बोलेनाशी झाली. काही सांगायचं तर चिठ्ठी लिहायची नाहीतर फोनवर संदेश पाठवायची. जेवायला हाक मारायची नाही. ताट वाढून ठेवायची आणि खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. निदान माझ्या आवाजानं तरी तिचा घास अडू नये, असा तिचा हिशोब. घोषणांचं काम अडून राहिलं. माईकसमोर बसली की तिला वाटायचं, आता हा आवाज कुठल्याशा स्थानकावर जाईल आणि कुणाच्या तरी कडेवरचं पोर ओठ मिटून घेईल.

वर्तमानपत्रात अलीकडे अशा नकाशांबद्दल बरंच येत होतं. घटस्फोटाच्या खटल्यांत ते पुरावा म्हणून दाखल व्हायला लागले होते. नाशिकच्या कुणा मुलानं वडिलांवर दावा लावला होता, आणि त्याचा साक्षीदार होता त्याचाच मेंदू. पद्मजा ती पानं उलटून ठेवायची. पण उलटलेल्या पानाआड उरणची ती खोली तिला दिसायचीच.

सोळा वर्षांपूर्वी भरतेश, तिचा नवरा, नुकताच मालवाहू जहाजावर रुजू झाला होता. बंदराजवळ राहिलं तर सुट्टीत लवकर भेटता येईल म्हणून त्यांनी उरणला घर घेतलं. भरतेश जहाजावर गेला आणि नऊ महिन्यांच्या चेलनाला घेऊन पद्मजा तिथं एकटी उरली. शेजारी बंद दारं होती. झोप नव्हती. मनावर काळं पाणी साचत चाललं होतं, आणि त्याला काही नाव असतं हे तिला ठाऊक नव्हतं. पोरगी खाईना. सासूबाईंना फोन केला तर त्या हसून म्हणाल्या, "अगं, नाक दाब की. तोंड आपोआप उघडतंय. सगळ्या आयांनी हेच केलंय."

तिनं नाक दाबलं. तोंड उघडलं. नाचणीचं सत्त्व आत गेलं.

काही दिवस ती तशी भरवायची. काही दिवस मांडीवर घेऊन, काऊ-चिऊचे घास करून, लाडानं भरवायची. आणि काही दिवस पाळण्यातल्या पोरीला रडत ठेवून दुसऱ्या खोलीत जायची, दार लावून भिंतीला टेकून बसायची. किती वेळ? तास. कधी तीन तास. पाच महिने हे असंच चाललं होतं. मग भरतेश परत आला, त्यानं तिला जयसिंगपूरला आणलं, आणि हळूहळू मनातलं ते काळं पाणी निवळलं. कुणाला कधी कळलं नाही. चेलनाला तर नाहीच, असं ती सोळा वर्षं समजत आली होती.

बाराव्या दिवशी चेलना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चौकटीचा आधार घेऊन.

"आई, तू बोलत का नाहीस माझ्याशी?"

पद्मजानं खुणेनं घसा दुखत असल्याचं दाखवलं.

"खोटं. काल आजीशी फोनवर बोललीस. मी ऐकलं." "तू दार लावून घेतेस ना, तेव्हा मला कसंतरी होतं. मी वेडी होतेय का गं? मला वाटतं, आता तू परत येणारच नाहीस. मला श्वास घेता येत नाही."

पद्मजाच्या हातातला आमटीचा डाव खाली पडला. ती पुढे धावली, पण तोवर चेलनाचे गुडघे वाकले होते. फरशीवर पडल्याचा आवाज इतका हलका झाला की पद्मजाला तोच आयुष्यभर ऐकू येत राहणार होता.

*

नाडी छत्तीस. रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं. मिरजेच्या अतिदक्षता विभागात दोन परिचारिकांनी चेलनाच्या नाकातून अन्नाची नळी घालायचा प्रयत्न केला. एकीनं तिचं डोकं धरलं, दुसरीनं नाकपुडीला हात लावला, आणि चेलनाच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पळायला लागले. यंत्रं ओरडली. नळी बाजूला ठेवावी लागली.

"तोंडानं ती खात नाही आणि नळी तिचं हृदय सोसत नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या. "सलाईनवर फार तर आठवडा. शमन करावं लागेल."

शमन म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं. एक औषध रक्तात सोडतात. मेंदूच्या ज्या पेशी त्या घटकेला जाग्या असतील, त्यांनाच ते चिकटतं. मग बाहेरून ध्वनिलहरी सोडून तेवढ्याच पेशी कायमच्या निजवतात. अट एवढीच, की त्या पेशी आधी जाग्या व्हायला हव्यात.

"आणि चेलनाच्या त्या पेशी फक्त तुमच्या आवाजानं जाग्या होतात."

"मग बोलते मी. काय बोलायचं?"

"तेव्हा जे बोलत होता ते. त्याच स्वरात." डॉक्टर थांबल्या. "अजून एक आहे. त्या पट्ट्यात भीती आणि माया वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात. तुमच्या आवाजाची धास्ती ज्या पेशींत आहे, त्याच पेशींत तुमच्या आवाजाचा दिलासाही आहे. भीती झोपली की मायाही झोपते. तुम्ही तिची आई आहात हे तिला ठाऊक असेल. नंतरचं सगळं आठवेल. पण तुमचा आवाज ऐकून पोटात जे हलतं, ते हलणार नाही. कदाचित कधीच."

भरतेश सिंगापूरच्या बंदरात अडकला होता. फोनच्या पडद्यावर त्याचा चेहरा आठवड्याभरात दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. "पद्मा, सही कर. विचार कसला करतेस? पोरगी जगली पाहिजे."

"अहो, ती नाही म्हणतेय."

चेलना खरंच नाही म्हणत होती. डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं, पेशींचं, औषधाचं, काय जाईल त्याचं. तिनं ऐकून घेतलं आणि मान फिरवली. "माझ्या डोक्यातून आईला काढून टाकणार? मला नको. मी जेवायचा प्रयत्न करीन." दुपारी समोर आणलेल्या वाटीभर मऊ भाताकडे ती चाळीस मिनिटं बघत बसली. कपाळावर घाम आला. चमचा उचलला गेला नाही.

"ती अजून सज्ञान नाही," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या. "तुमची सही पुरते. मनाविरुद्ध असेल तर हातपाय बांधून करावं लागतं. इथं दोनदा केलंय."

"काय झालं त्यांचं?"

"एक वाचली."

पद्मजाच्या हातात कागद होता. सहीची जागा पेन्सिलनं खूण करून ठेवली होती. तिच्या मनात आलं, बांधायचं, डोकं धरायचं, आणि तिच्या भल्यासाठीच हे करायचं. हे आपण आधीही केलंय. भीती अशी की दोन्ही बाजूंनी खोल विहीर आणि मधे वीतभर काठ. सही केली तरी पोर जाणार, नाही केली तरी जाणार.

तिनं कागद घडी करून डॉक्टरांच्या हातात परत दिला.

"मला तिच्याशी बोलू द्या. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, मी खोटं बोलले. ते मला आधी तिला सांगू द्या."

*

तिनं खुर्ची खाटेपासून चार हात लांब ठेवली. बोलायला सुरुवात केली तसा नाडीचा आकडा चढायला लागला. पद्मजा थांबली.

"बोल," चेलना म्हणाली. "थांबू नकोस. तू थांबलीस की जास्त होतं."

मग पद्मजानं सांगितलं. उरणचं घर, बंद दारं, नाचणीचं सत्त्व. नाक कसं दाबायची ते. कुठल्या दोन बोटांनी, तेही. चेलनाचा चेहरा निळसर व्हायचा आणि मग तोंड उघडायचं. काय ओरडायची ते. कधी तासन् तास दार लावून बसायची ते. स्वतःची बाजू सांगायची नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि तरी दोनदा ती सांगून बसली. "मला झोप नव्हती गं," असं एकदा. "मला कुणी सांगितलं नाही," असं एकदा. दोन्ही वेळा चेलना नुसती बघत राहिली.

"रोज करायचीस?" चेलनानं विचारलं.

"नाही. कधीकधी. कधी लाडानं भरवायचे."

"कधी काय होणार ते मला कळायचं का?"

पद्मजानं मान हलवली. नाही.

चेलनानं छताकडे बघितलं. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत उतरत होतं, आणि ते पुसायला पुढे व्हावं की नाही हे पद्मजाला ठरवता येईना.

"मला वाटायचं, मी वाईट आहे," चेलना शेवटी म्हणाली. "तू हाक मारलीस की माझ्या अंगावर काटा यायचा. इतकी चांगली आई आणि मला तिची भीती वाटते, म्हणजे माझ्यातच काहीतरी सडकं आहे, असं वाटायचं. ते तरी खोटं ठरलं." ती कुशीवर वळली, आईकडे पाठ करून. "डॉक्टरांना सांग. मी तयार आहे. बांधायचं नाही पण."

*

औषध सकाळी साडेदहाला सोडलं. चेलना घुमटाखाली उताणी, जागी, डोळे उघडे. पद्मजा तिच्या उशाशी. काचेआडून डॉक्टरांचा आवाज आला.

"ताई, लक्षात ठेवा. मायेचा एकही शब्द नको. त्यानं जे जास्तीचं जागं होईल, तेही निजेल. मी सांगेपर्यंत तसलं काही बोलू नका. करा सुरुवात."

"खा," पद्मजा म्हणाली. "तोंड उघड."

पडदा हिरवा राहिला.

"हा घोषणेचा आवाज आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हा नाही."

तिनं पुन्हा प्रयत्न केला. आवाज चढवला, शब्द बदलले. काही नाही. खोट्या रागाला पेशी फसत नव्हत्या. ती उरणची बाई कुठं गेली होती? सोळा वर्षं तिला गाडून टाकण्यात गेली होती, आणि आता तीच हवी होती. औषधाचा असर चाळीस मिनिटं. त्यातली अकरा गेली होती.

"आई," चेलना म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "नाक दाब."

पद्मजाचा हात उचलला गेला नाही.

"दाब. मी सांगतेय ना."

पद्मजानं हात पुढे नेला. अंगठा आणि पहिलं बोट. लेकीचं नाक गार होतं, हाडाचं होतं. बोटांनी ते ओळखलं. बोटं मिटली आणि त्याबरोबर छातीच्या तळातून ती जुनी, न झोपलेली, कुणाची नसलेली बाई वर आली.

"गिळ," ती म्हणाली. आवाज खालच्या पट्टीतला, दातांमधून आलेला. "गिळ म्हणते ना, कार्टे! मरेपर्यंत छळणार आहेस का मला? गिळ!"

पडदा लाल झाला. चेलनाचे डोळे विस्फारले. त्या डोळ्यांत साडेसोळा वर्षांची मुलगी नव्हतीच. बोलता न येणारं, पळता न येणारं, कुणाला हाक मारता न येणारं एक पोर होतं, आणि त्याच्यावर वाकलेला चेहरा पद्मजाचा होता. चेलनाचे हात हवेत काहीतरी चाचपू लागले.

"चालू ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "सुटू देऊ नका."

पद्मजा बोलत राहिली. मधूनमधून नाक सोडायची, पुन्हा दाबायची. भिऊ नकोस, मी आहे इथं, हे शब्द तिच्या जिभेच्या टोकाला येत होते आणि ती ते चावून परत गिळत होती. गालाच्या आतून रक्त आलं. पडद्यावरचे लाल ठिपके एकेक करून विझायला लागले. पहिल्यांदा कडेचे, मग आतले. लेकीच्या डोळ्यांतली भीती ओसरत होती. पद्मजा बघत होती, तिच्याबरोबर दुसरंही काहीतरी ओसरत होतं, ज्याच्याकडे इतकी वर्षं तिनं कधी लक्षही दिलं नव्हतं, असतंच म्हणून.

शेवटचा ठिपका गेला. चेलनाचे हात खाली आले. तिनं आईकडे पाहिलं. गाडीत समोरच्या बाकावरच्या बाईकडे पाहावं तसं.

"नाक दुखतंय," ती शांतपणे म्हणाली. "सोडता का?"

पद्मजानं हात मागे घेतला. डॉक्टर काय म्हणाल्या ते तिला ऐकू आलं नाही. ती बाहेर आली, बेसिनशी वाकली आणि तिला उलटी झाली.

*

चौथ्या दिवशी चेलनानं अर्धी वाटी भात खाल्ला. दहाव्या दिवशी मुगाची आमटी मागितली. वजन एकोणचाळीसवर आलं. खाण्याबद्दलचे जुने हट्ट अजून होते, घासागणिक ती थांबायची, आहारतज्ज्ञ रोज येऊन बसायच्या. रस्ता लांबचा आहे, डॉक्टर म्हणाल्या, पण रस्ता आहे.

पद्मजा रोज येत होती आणि रोज दाराशी आली की तिला पाय उचलायला भीती वाटत होती. चेलना तिच्याशी नीट बोलायची. बाबा कुठवर आले विचारायची, पुस्तकं मागायची. पहिले काही दिवस चुकून "तुम्ही" म्हणायची, मग आठवून "तू". तिला सगळं आठवत होतं, पाचवीतल्या सहलीपासून परवाच्या चिठ्ठ्यांपर्यंत. ते सगळं ती अशी सांगायची, की जणू कुणाच्या तरी घरचा अल्बम चाळत आहे. पद्मजानं हाक मारली तर नाडी हलायची नाही. ना वर, ना खाली.

विसाव्या दिवशी दुपारी चेलना खाटेवर मांडी घालून बसली होती. समोरच्या ताटातली पोळी तिनं चार भागांत तोडून ठेवली होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "उरणला तू जेवायचीस का?"

हे पद्मजाला कुणीही, कधीही विचारलं नव्हतं. "आठवत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे नसशील जेवत." चेलनानं ते गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं. तिच्या स्वरात राग नव्हता आणि कणवही नव्हती. पद्मजानं दोन्ही शोधून पाहिली. "मला तुझी आता भीती वाटत नाही. पण दुसरं काही वाटतं का, ते मला कळत नाही. मी खोटं सांगणार नाही."

"नको सांगूस."

"तुला भीती वाटते का माझी?"

पद्मजाचे हात मांडीवर एकमेकांत अडकले होते. "हो," ती म्हणाली. "खूप."

चेलनानं मान डोलावली. हे उत्तर तिला पटल्यासारखं दिसलं.

"उद्या येऊ का मी?" पद्मजानं विचारलं. लेकीकडे यायला परवानगी मागायची तिची ही पहिलीच वेळ होती. चेलना खरोखरच विचार करत होती.

"ये," चेलना म्हणाली. "किती वाजता येशील ते आत्ताच सांग. आणि त्याच वेळेला ये. आधी नको, नंतरही नको."

"साडेअकरा."

"रोज?"

"रोज."

दुसऱ्या दिवशी अकराला दहा मिनिटं असतानाच पद्मजा त्या दाराबाहेर येऊन उभी होती. आतून चमच्याचा आवाज येत होता. तो मधेच थांबला आणि तिचा हात कडीकडे गेला. तिनं तो मागे ओढला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलता हलत नव्हता. ती जागची हलली नाही. साडेअकराला तिनं दार ढकललं.